पायाखालची वाळू

दापोलीजवळचं मुरूड हे आमचं आजोळ. मे महिन्यात सगळी भावंडं जमली की संध्याकाळी किनाऱ्यावर एक खेळ ठरलेला असायचा. घोटाभर पाण्यात ओळीने उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि काही झालं तरी पाय हलवायचा नाही. लाट यायची, पोटऱ्यांवर आपटून पुढे जायची. तिची कुणाला फारशी भीती वाटायची नाही. खरी गंमत ती परत जाताना. टाचांच्या कडेने पाणी वेगाने वळायचं, खालची वाळू भुरूभुरू निघून जायची आणि आपण हळूहळू मागे झुकायला लागायचो. चार-पाच लाटांत कुणीतरी धपकन खाली बसायचं. आजी लांबून ओरडायची, "पुरे गं आता! समुद्राशी पैज लावू नये."

पुढे सिव्हिल इंजिनिअरिंगला असताना सरांनी एकदा फळ्यावर वर्तुळ काढलं. वरून बघितलेला, पाण्यात उभा खांब. समोरून येणारा प्रवाह खांबावर आपटतो, तिथून काही पाणी थेट खाली वळतं, तळाशी खणायला लागतं आणि खांबाच्या दोन्ही बाजूंनी भोवऱ्यासारखं गुंडाळत मागे जातं. वरून पाहिलं तर त्या भोवऱ्याचा आकार घोड्याच्या नालेसारखा. या तळाच्या धुपेला इंजिनिअर 'स्कावर' म्हणतात. सर समीकरणाकडे वळले आणि मी बाकाखाली माझ्या टाचांकडे बघत बसले.

मराठीत हादरून जाण्याला आपण पायाखालची वाळू सरकली असं म्हणतो. या लेखातल्या काही माणसांच्या बाबतीत ती शब्दशः सरकली. तीनशेहून जास्त वर्षं माणूस भर समुद्रात काही ना काही उभं करतो आहे. आधी दीपगृहं, मग रडार, तेलाचे प्लॅटफॉर्म आणि आता पवनचक्क्या. हा इतिहास वाचताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा भेटली. यातली बरीच बांधकामं मोडण्याआधी थरथरत होती, आणि आत राहणाऱ्या माणसांना ते कळलेलंही होतं. किनाऱ्यावरचं कुणी ते ऐकतंय का, यावर पुढचं सगळं ठरायचं.

मनोरा पक्का, खडक कच्चा

इंग्लंडच्या प्लिमथ बंदरासमोर, वीसेक किलोमीटर आत, एडिस्टोन नावाचे खडक आहेत. भरतीला जवळजवळ बुडणारे, त्यामुळे जहाजांचे काळ. हेन्री विन्स्टनली या हरहुन्नरी माणसाने १६९८ साली तिथे दीपगृह उभं केलं. पहिल्याच हिवाळ्यात लाटा दिव्याच्याही वर जाताना दिसल्या, म्हणून त्याने मनोरा आणखी जाड आणि उंच केला. त्याला आपल्या कामाचा इतका विश्वास होता, की सगळ्यात मोठ्या वादळात आपण त्या मनोऱ्यातच असावं अशी इच्छा तो बोलून दाखवायचा, असं सांगतात. नोव्हेंबर १७०३ मध्ये तो दुरुस्तीसाठी तिथे गेला आणि त्याच रात्री इंग्लंडच्या इतिहासातलं एक सगळ्यात भयंकर वादळ आलं. सकाळी खडकावर वाकलेल्या लोखंडी सळयांपलीकडे फारसं काही उरलं नव्हतं. माणसंही नव्हती.

त्यानंतर जॉन रडयर्डने लाकडाचा मनोरा बांधला. तो सेहेचाळीस वर्षं लाटांना पुरून उरला आणि १७५५ साली आगीत जळाला. मग आला जॉन स्मीटन. स्वतःला 'सिव्हिल इंजिनिअर' म्हणवून घेणारा पहिला माणूस म्हणून आम्हाला कॉलेजात त्याचं नाव पाठ करावं लागायचं. त्याने ओक वृक्षाचा बुंधा डोळ्यांपुढे ठेवला. खाली रुंद, वर निमुळता. ग्रॅनाइटचे दगड सुतार फळ्या जोडतो तसे एकमेकांच्या खाचांत अडकवले. पाण्याखालीही घट्ट होणारा चुना शोधण्यासाठी कितीतरी प्रयोग केले. १७५९ मध्ये दिवा लागला आणि पुढची सव्वाशे वर्षं जळत राहिला.

कामानिमित्त प्लिमथला गेले होते तेव्हा मी या मनोऱ्यात चढले. तो आता समुद्रात नाही. शहरातल्या टेकडीवर, हिरवळीत, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा रंग लावून उभा आहे. लोक त्याच्यासमोर सेल्फी काढतात. तो इथे का आला याची हकिगत मला त्याच्या बांधकामापेक्षा मोठी वाटते.

मोठी लाट आदळली की मनोरा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे हलतो, हे १८७० च्या दशकात लक्षात आलं. १८७७ पर्यंत कारणही समजलं. मनोऱ्याला काहीही झालेलं नव्हतं. दगड जागच्या जागी, सांधे पक्के. समुद्राने खालचा खडक कोरत आणला होता. सव्वाशे वर्षं सगळ्यांचं लक्ष वर आदळणाऱ्या लाटेकडे होतं आणि पाणी खाली काम करत होतं.

इथे ऐकलं गेलं. जेम्स डग्लसने शेजारच्या खडकावर नवा मनोरा बांधला. त्याने स्मीटनचा ओकचा आकारही तळाशी सोडून दिला, कारण त्या वक्र बुंध्यावरून लाटा घसरगुंडीसारख्या वर चढायच्या. डग्लसचा तळ सरळ उभ्या नळकांड्यासारखा आहे, लाट तिथेच फुटावी म्हणून. १८८२ मध्ये नवा दिवा लागला. जुन्या मनोऱ्याचा वरचा भाग लोकांनी दगड दगड सोडवून किनाऱ्यावर आणला आणि पुन्हा रचला. त्याचा बुंधा मात्र अजून त्या खडकावर आहे. या सगळ्यात कुणी बुडालं नाही, म्हणून ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

लाटेचं वजन

लाटेचा जोर किती, हा प्रश्न तोवर अनुभवी डोळ्यांवर सोडलेला होता. तो आकड्यात मांडायचा मोठा प्रयत्न स्कॉटलंडमध्ये झाला. स्टीव्हन्सन हे दीपगृहं बांधणारं घराणं. त्यातल्या थॉमस स्टीव्हन्सनने १८४० च्या दशकात एक साधं उपकरण तयार केलं. लाटेकडे तोंड केलेली लोखंडी चकती, तिच्यामागे स्प्रिंग, आणि सळईवर चामड्याच्या छोट्या कड्या. लाट आदळली की चकती मागे दाबली जायची. ती परत यायची, पण कडी सरकलेल्या जागीच राहायची. वादळ ओसरल्यावर खडकावर जाऊन कडी कुठे आहे ते बघायचं. रात्री कुणीही हजर नसताना समुद्र आपली सही करून जायचा.

स्केरीव्होर या खडकावर मार्च १८४५ मध्ये त्याला मिळालेला आकडा चौरस फुटाला ६,०८३ पौंड असा होता. आपल्या हिशोबात चौरस मीटरला तीसेक टन. साध्या दरवाजाएवढ्या फळीवर भरलेले दोन-तीन ट्रक टेकवावेत, तसं.

मापणारा माणूसही सुटला नाही. विक नावाच्या बंदराचा धक्का याच स्टीव्हन्सनच्या देखरेखीखाली बांधला जात होता. डिसेंबर १८७२ च्या वादळात लाटांनी त्याचं टोक, लोखंडी सळयांनी एकत्र बांधलेला १,३५० टनांचा अखंड तुकडा, उचलून बाजूला ठेवला. त्याजागी २,६०० टनांचा तुकडा बसवला. १८७७ मध्ये तोही गेला.

बारीक पाय

मग कुणीतरी उलट विचार करणं साहजिक होतं. लाटेला अडवायचंच कशाला? तिला मधून जाऊ दिलं तर? अलेक्झांडर मिचेल या दृष्टिहीन आयरिश इंजिनिअरने १८३३ साली स्क्रूसारखे पाते असलेल्या लोखंडी खांबाचं पेटंट घेतलं. रेतीत किंवा गाळात तो पिळून आत घालायचा आणि वर बारीक पायांवर दिवा उभा करायचा. थेम्सच्या मुखाजवळ मॅप्लिन सँड्सवर अशा खांबांवरचं दीपगृह १८४१ मध्ये सुरू झालं. आजचे समुद्रातले सगळे जाळीदार सांगाडे या कल्पनेचे वारस आहेत.

अमेरिकेत बॉस्टनजवळ मायनॉट्स लेज नावाचा खडक आहे. तिथे मिचेलचा स्क्रू चालणार नव्हता, म्हणून खडकातच भोकं पाडून नऊ लोखंडी खांब रोवले. वर खोली, त्यावर दिवा. १ जानेवारी १८५० रोजी तो पेटला. पहिला रखवालदार आयझॅक डनहॅम पहिल्या महिन्यांपासूनच नोंदी करत होता की वादळात सगळा सांगाडा झोकांड्या खातो, खांबांना आधार द्या. कुणी दाद दिली नाही. त्याने त्याच वर्षी नोकरी सोडली. त्याच्या जागी आलेल्याने सामानासाठी खाली एक फळ्यांचा मजला टाकला. लाटेला जाऊ देण्यासाठी मोकळी ठेवलेली जागा अशी थोडी आणखी अडली. एप्रिल १८५१ च्या वादळात खांब मुळाशी तुटले. मुख्य रखवालदार तेव्हा किनाऱ्यावर होता. वर असलेले दोन सहायक शेवटपर्यंत घंटा वाजवत होते. त्यांचे मृतदेह नंतर सापडले. डनहॅमची भीती तोवर सरकारी कागदपत्रांत एक वर्ष पडून होती.

एका लाटेचे दोन धक्के

शंभरेक वर्षं पुढे जाऊ. १९४७ साली अमेरिकेच्या लुइझियाना राज्यासमोर, जमीन नजरेआड होईल इतक्या अंतरावर, समुद्रातली तेलविहीर यशस्वी झाली. पाणी जेमतेम सहा मीटर खोल होतं. पण आता कंपन्यांना आणखी आत जायचं होतं, आणि पोलाद किती जाड घ्यायचं याचं उत्तर हवं होतं. ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीमधल्या प्रयोगशाळेतून आलं. मॉरिसन नावाचा विद्यार्थी आणि त्याच्याबरोबर ओब्रायन, जॉन्सन आणि शाफ यांनी पाण्याच्या टाकीत खांब उभे करून लाटा सोडल्या. १९५० साली त्यांचा निबंध छापून आला. जगभर आजही ते सूत्र 'मॉरिसन समीकरण' म्हणून वापरलं जातं.

त्याचा गाभा समजायला बादली पुरते. बादलीत हात घालून तळवा आडवा फिरवा. जितक्या वेगाने फिरवाल तितकं पाणी अडवतं. हा पहिला धक्का, वेगाचा. आता हात एका बाजूला नेऊन झटकन उलटा फिरवा. वळणाच्या त्या क्षणी हाताचा वेग शून्य असतो, तरीही पाण्याचं वजन जाणवतं. हा दुसरा धक्का, वेग बदलण्याचा. लाटेत पाणी सतत पुढे-मागे होत असतं, त्यामुळे खांबाला दोन्ही धक्के बसतात, पण एकाच क्षणी नाही. लाटेचं शिखर खांबावर असतं तेव्हा वेगाचा धक्का सर्वांत मोठा. शिखर आणि दरी यांच्या मधोमध पाणी असतं तेव्हा दुसरा. बारीक खांबाला पहिला जास्त छळतो, जाड खांबाला दुसरा.

यात प्रवाह मिसळला की हिशोब बिघडतो. वेगाचा धक्का वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. लाटेमुळे पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने जात असेल आणि त्याच दिशेने भरतीचा प्रवाह १ मीटरचा असेल, तर एकूण वेग दीडपट होतो आणि धक्का सव्वादोनपट. म्हणून लाट वेगळी आणि प्रवाह वेगळा मोजून शेवटी बेरीज करून चालत नाही. दोघं एकत्र येतात तेव्हा ती वेगळीच आपत्ती असते.

आणि या सूत्रात दोन आकडे असे आहेत जे कागदावर सिद्ध होत नाहीत. प्रयोग करूनच काढावे लागतात. खांबावर शेवाळ आणि कालवं चढली की खांब जाड आणि खरखरीत होतो, आकडे बदलतात. समुद्र आपल्याच खांबावर राहायला येतो आणि हिशोब पुन्हा मांडावा लागतो.

'ओल्ड शेकी'

अमेरिकेच्या हवाई दलाने १९५० च्या दशकात अटलांटिकमध्ये तीन रडार-प्लॅटफॉर्म उभे केले. तेलाच्या प्लॅटफॉर्मसारखे दिसतात म्हणून त्यांना 'टेक्सास टॉवर' म्हणत. त्यातला चौथ्या क्रमांकाचा न्यू जर्सीपुढे ५६ मीटर पाण्यात होता, इतर दोघांपेक्षा कितीतरी खोल. त्रिकोणी फलाट आणि तीन लांब पाय. पाय एकमेकांना तिरक्या पोलादी दांड्यांनी बांधलेले होते. १९५७ मध्ये ओढून नेतानाच त्यातल्या दोन दांड्या निसटल्या. नव्या दांड्या समुद्रातच, खिळींच्या सांध्यांनी बसवल्या. खिळ सैल असेल तर काय होतं, हे दाराची बिजागरी सैल झालेल्या घरात राहणाऱ्या कुणालाही विचारा. प्रत्येक धक्क्याबरोबर सांधा आणखी ढिला होतो.

वर राहणाऱ्या लोकांनी त्याचं नाव 'ओल्ड शेकी' ठेवलं होतं. म्हातारा थरथऱ्या. १९६० च्या सप्टेंबरमध्ये डॉना वादळाने आणखी दांड्या मोडल्या. रडारचं काम थांबलं, बहुतेक माणसं हलवली, दुरुस्तीसाठी आणि सामान सांभाळायला २८ जण मागे राहिले. १४ हवाई दलाचे, १४ कामगार. १५ जानेवारी १९६१ च्या संध्याकाळी वादळात टॉवर रडारच्या पडद्यावरून नाहीसा झाला. कुणीही वाचलं नाही.

हे वाचताना मला ते टोपणनाव सोडत नाही. ज्या गोष्टीला आपण चेष्टेने नाव ठेवतो, तिची तक्रार आपण जवळजवळ थांबवलेली असते.

सहा मिलिमीटर

थरथर नेहमी जाणवतेच असंही नाही. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रातल्या एकोफिस्क तेलक्षेत्रात 'अलेक्झांडर कीलँड' हा तरंगता निवासी प्लॅटफॉर्म उलटला. २१२ पैकी १२३ माणसं गेली. वारा जोरात होता, लाटा मोठ्या होत्या, पण त्या समुद्राला अनोळखी असं त्यात काही नव्हतं. चौकशीत सापडलं ते असं: पाच पायांपैकी एकाला बांधणाऱ्या दांडीवर पाण्यातला आवाज टिपणारं एक छोटं यंत्र बसवण्यासाठी पट्टी जोडली होती. तिचं वेल्डिंग ६ मिलिमीटरचं. त्या वेल्डिंगमध्ये बांधणीच्या वेळेपासूनच तडा होता. तड्याच्या आत रंग सापडला, म्हणजे रंगवतानाच तो तिथे होता. पुढची चार वर्षं प्रत्येक लाटेने त्याला केसभर पुढे नेलं.

तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, हे आपण सगळ्यांनी करून पाहिलेलं आहे. पोलादाच्या या थकव्याचा हिशोब मोठ्या लाटेवर होत नाही, लाटांच्या संख्येवर होतो. सरासरी सहा सेकंदांना एक लाट धरली तर पंचवीस वर्षांत एका खांबाला १३ कोटी लाटा लागतात. त्यातल्या जवळजवळ सगळ्या साध्यासुध्या.

आपल्याकडे 'सागर सम्राट' या रिगने १९७४ मध्ये मुंबईपासून दीडशेहून जास्त किलोमीटरवर बॉम्बे हायची पहिली विहीर खणली, आणि त्यानंतर तिथे पोलादी सांगाड्यांचं एक गावच उभं राहिलं. तिथल्या पायांसाठी पावसाळा हा असा संख्येचा शत्रू आहे. दरवर्षी चार महिने, सुट्टी न घेता.

उत्तर समुद्रातली आणखी एक तारीख सांगायला हवी. १ जानेवारी १९९५. ड्राउप्नर या प्लॅटफॉर्मचा पाया नव्या प्रकारचा होता. उपड्या बादल्या समुद्रतळावर ठेवून आतलं पाणी उपसायचं, की त्या स्वतःच तळात रुततात. पाया नवा म्हणून प्लॅटफॉर्मवर मोजमापाची भरपूर उपकरणं लावली होती. त्या दिवशी लेझरने २५.६ मीटर उंच एकच लाट नोंदवली. भोवतालच्या मोठ्या लाटा १२ मीटरच्या आसपास होत्या. अचानक उठणाऱ्या अशा राक्षसी लाटांच्या खलाशांनी सांगितलेल्या गोष्टी तोवर शास्त्रज्ञ फारशा मनावर घेत नसत. पायाची काळजी म्हणून लावलेल्या उपकरणांनी त्या खऱ्या ठरवल्या.

झोका आणि पवनचक्की

समुद्रातली पहिली पवनचक्क्यांची बाग १९९१ साली डेन्मार्कमध्ये विंडेबीला झाली. ११ चक्क्या, प्रत्येकी ४५० किलोवॅट, पाणी दोन ते चार मीटर. काँक्रीटचे जड पाये तळावर नुसते बसवलेले. २०१७ मध्ये ती मोडीत काढली, तेव्हा तिथे काम शिकलेले लोक तिच्या शेकडो पट वीज बनवणाऱ्या बागा उभारत होते.

आज बहुतेक चक्क्या 'मोनोपाइल'वर उभ्या असतात. म्हणजे पोलादाची एक प्रचंड पोकळ नळी, आठ-दहा मीटर व्यासाची, तळात खोल ठोकलेली. तेलाच्या प्लॅटफॉर्मपेक्षा हिचा प्रश्न वेगळा. तेलाचा प्लॅटफॉर्म जड असतो, आपल्या वजनाने बसतो. चक्की त्यामानाने हलकी, उंच, आणि डोक्यावर फिरतं वजन. वरून वारा ढकलतो, मधून लाट, खालून प्रवाह.

इथे झोका आठवायचा. प्रत्येक झोक्याची स्वतःची एक लय असते. त्या लयीत हलकासा धक्का देत राहिलं तरी झोका आभाळाला लागतो. चक्कीच्या मनोऱ्यालाही अशी लय असते, साधारण तीन ते पाच सेकंदांची. चक्की मिनिटाला दहा फेरे घेत असेल तर एक फेरा सहा सेकंदांचा, आणि तीन पाती असल्याने दर दोन सेकंदांनी एक पातं मनोऱ्यासमोरून जातं. वादळातल्या लाटा आठ ते बारा सेकंदांच्या. इंजिनिअरला मनोऱ्याची लय दोन आणि सहा सेकंदांच्या मधल्या बोळात बसवावी लागते. कुणाच्याही तालात ती सापडता कामा नये.

आता माझ्या टाचा पुन्हा आठवा. पायाभोवतीची वाळू गेली की मनोरा जणू उंच होतो, त्याची लय संथ होते आणि तो बोळाच्या त्या टोकाकडे सरकतो जिथे पात्यांचा फेरा आणि पलीकडे लाटा वाट बघत असतात. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर स्क्रोबी सँड्समध्ये २००४ साली ४.२ मीटर व्यासाचे पाइल उभे केले. त्यांच्याभोवती पाच मीटरच्या आसपास खोल खड्डे पडले. व्यासाच्या १.३ पट खोली धरावी हा तेव्हाचा अंदाज, आणि समुद्र त्याच्या जवळपासच राहिला. म्हणूनच पायाभोवती दगडांचा थर पसरतात. सॉल्वे फर्थमधल्या रॉबिन रिग इथे तर तळाची वाळूच सरकत गेली आणि ६० पैकी दोन चक्क्या काढून टाकाव्या लागल्या.

जुन्या सूत्रांनीही दगा दिला. पाइलला बाजूने ढकललं तर रेती किती अडवते, याचे नियम टेक्सासमधल्या मस्टँग बेटावरच्या प्रयोगांवर बेतलेले होते. ते पाइल ६१ सेंटिमीटरचे होते. तेच नियम आठ मीटरच्या नळीला लावणं म्हणजे बांबूवरून वडाचा अंदाज बांधणं. ऑक्सफर्ड, लंडनचं इम्पिरियल कॉलेज आणि डब्लिनच्या संशोधकांनी दोन मीटर व्यासापर्यंतचे पाइल जमिनीत ठोकून, ढकलून, नवे नियम काढले, तोवर २०१० चं दशक अर्धं उलटून गेलं होतं.

त्याच्या थोडं आधी, २००९-१० च्या सुमारास, आणखी एक प्रकार उघडकीला आला. पाइल आणि वरचा मनोरा यांच्यामध्ये एक जोडनळी असते आणि दोघांमधल्या फटीत सिमेंटचं ग्राउट भरतात. उत्तर समुद्रातल्या शेकडो चक्क्यांमध्ये हा सांधा हळूहळू घसरत होता. वारा आणि लाटा मनोऱ्याला इकडून तिकडे वाकवत होत्या, त्यात ग्राउट झिजत होतं. टेक्सास टॉवरच्या सैल खिळीची ही दूरची नात. फरक एवढा, की या वेळी वर कुणी राहत नव्हतं. मोजमाप करून, आधार देऊन, सांधे निमुळत्या शंकूच्या आकाराचे करून प्रश्न सोडवला गेला. कुणी बुडालं नाही.

आता कोण ऐकणार

पवनचक्कीत रखवालदार नसतो. रात्री तक्रार लिहिणारा डनहॅम नाही, टोपणनाव ठेवणारे सैनिक नाहीत. त्यांच्या जागी मनोऱ्याच्या आत आगपेटीएवढी कंपनमापकं असतात आणि ती थरथर सतत किनाऱ्यावर पाठवत राहतात. लय थोडी संथ झाली तर पडद्यावर ते दिसू शकतं, आणि पाण्यात न उतरता अंदाज येतो की खालची वाळू गेली असावी. माणसाच्या पोटात गोळा यायचा, त्याचा आता आलेख निघतो.

ही मोठी गोष्ट आहे. पण आलेखही कुणीतरी उघडून बघावा लागतो. मायनॉट्स लेजची नोंदही लिहिलेली होती.

भारताच्या समुद्रात अजून पवनचक्क्यांची बाग उभी नाही. धोरण २०१५ मध्ये आलं. २०१७ मध्ये खंबातच्या आखातात, पिपावाव बंदरापासून २३ किलोमीटरवर, एका मोनोपाइलवर वारा मोजणारं लायडार बसवलं. २०२४ मध्ये केंद्र सरकारने गुजरात आणि तमिळनाडूसमोर प्रत्येकी ५०० मेगावॅटसाठी ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. खंबात हे सोपं आखात नाही. आतल्या टोकाला, भावनगरकडे, भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो. एवढं पाणी सहा तासांत आत आणि सहा तासांत बाहेर, म्हणजे प्रवाह जोरकस, तळाशी गाळ आणि चिकणमाती, आणि वर्षातून चार महिने पावसाळी लाटा. डेन्मार्कचे आकडे जसेच्या तसे इथे चालणार नाहीत. आपली वाळू आपल्यालाच मोजावी लागेल, आणि ते काम पाया ठोकण्याआधीचं आहे.

गेल्या मे महिन्यात मुरूडला गेले होते. आजी आता नाही. बहिणीची सहा वर्षांची मुलगी माझ्याशेजारी पाण्यात उभी होती, डोळे घट्ट मिटून. तिला खेळाचे नियम मीच सांगितले होते. तिसऱ्या लाटेला ती डोळे न उघडताच म्हणाली, "मावशी, खालून जातंय गं सगळं."

लाट मोठी नव्हती. मी तरी तिचा हात धरला आणि दोघी दोन पावलं मागे सरकलो.